१७ मार्चची तीन दलं

मंडळी, आजच्या पत्रिकेवर शॅमरॉक म्हणून चार दलांच्या, म्हणजे चार छोट्या पाकळ्यांसारख्या भागांच्या, पानाचं चित्र छापलंय. चित्र सुबक आहे, पण शॅमरॉक, म्हणजे आयर्लंडचं राष्ट्रीय चिन्ह असलेलं पान, तीन दलांचं. मला आज बोलायचंय ते या तीन दलांसाठीच.

मागे मार्चमध्ये मी लेकीकडे डब्लिनला होते. १७ मार्चच्या सेंट पॅट्रिक डेच्या, आयर्लंडच्या संताच्या सणाच्या, आदल्या दिवशी एका दुकानातून ‘लकी शॅमरॉक’ लिहिलेली छोटी कुंडी आणली, खिडकीत ठेवली. दलं तीन, पण त्रिकोणी, फुलपाखराच्या पंखांसारखी. संध्याकाळ झाली तशी ती छत्रीसारखी खाली मिटली. मला राहवेना. एक पान धुऊन जिभेवर ठेवलं, तर आंबट! लहानपणी कुंड्यांतून उपटून खायचो ना, त्या आंबुशीची चव! इथे कोणी कोणी खाल्लीय आंबुशी? बघा, अर्ध्या सभागृहाचे हात वर. कुंडीतलं झाड तिचंच भाईबंद, मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. मला फार वाईट वाटलं, कारण खरं शॅमरॉक दाराबाहेरच्या हिरवळीत आपोआप उगवतं, आणि ते आपल्या मेथीच्या कुळातलं असतं.

आयरिश भाषेत ‘शॅमरोग’ म्हणजे लहानसं, कोवळं क्लोव्हर, हिरवळीत उगवणारं तीन दलांचं रोप. पण नेमकं कोणतं? नॅथॅनिएल कोलगन या वनस्पतींच्या अभ्यासकाने १८९३ मध्ये देशभरातल्या लोकांना सांगितलं, तुम्ही ज्याला शॅमरॉक म्हणता ते मुळासकट पाठवा. आलेली रोपं त्याने लावली आणि फुलं येईपर्यंत वाट पाहिली! बहुतेक रोपं दोनच जातींची निघाली: बारीक पिवळ्या फुलांचं क्लोव्हर आणि पांढऱ्या फुलांचं. चार्ल्स नेल्सन यांनी १९८८ मध्ये हीच पाहणी पुन्हा केली, तेव्हाही हीच दोन पुढे. शंभर वर्षांत लोकांची नजर ढळली नाही, याचं मला अजून कौतुक वाटतं.

चिठ्ठी आलीय, चारच मिनिटं उरलीत. हे पान राष्ट्राचं कसं झालं, हा खरा विषय, भरभर सांगते. पॅट्रिक पाचव्या शतकातले. त्यांनी तीन दलं दाखवून ख्रिस्ती धर्मातले पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा एकच कसे ते समजावलं, ही कथा मात्र छापून आली १७२६ मध्ये. १७ मार्चला शॅमरॉक अंगावर लावायची चाल त्याआधीची. एका इंग्रज प्रवाशाने ती १६८१ मध्येच टिपलीय. ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १७९८ च्या उठावात हिरवा रंग बंडाचा झाला, आणि १९०० मध्ये व्हिक्टोरिया राणीने आयरिश सैनिकांना त्या दिवशी शॅमरॉक मिरवायची मुभा दिली. चौथं दल क्लोव्हरला कधीमधीच फुटतं. सापडणं दुर्मिळ, म्हणून शुभ. ही समजूत इतर देशांतही आहे. शुभेच्छापत्रांनी तीन दलांचं शॅमरॉक आणि चार दलांचं शुभ पान, दोन्ही एकत्र केली.

बाहेर टेबलावर मेथी आणि आंबुशी ठेवलीय. जाताना पान हातात घ्या. मेथीच्या दलाच्या कडेला बारीक दाते दिसतील, आंबुशीचं दल वर मधोमध खाचलेलं असेल.