पाणी किती वाजता येतं?

(दृश्य: शटर अर्धं वर. आत भिंतीला ठोकलेली फळी. फळीवर खिळे, खिळ्यांना चाव्या.)

पुण्याशेजारचं वाकड. सकाळचे साडेनऊ. हिंजवडीकडे निघालेल्या गाड्या भूमकर चौकात नेहमीसारख्या अडकल्यात. रस्त्याच्या कडेला दहा बाय बाराचं एक ऑफिस उघडतंय. एक टेबल, तीन प्लास्टिकच्या खुर्च्या, गणपतीचा फोटो आणि ही फळी. प्रत्येक चावीला पुठ्ठ्याचा तुकडा बांधलाय, त्यावर बॉलपेननं दोन शब्द. ‘बी 704, सेमी, फॅमिली’. ‘ए 302, चावी वॉचमनकडे’. एका पुठ्ठ्यावर नुसतंच ‘काका रागीट’.

हे एका इस्टेट एजंटचं ऑफिस. नाव घालायचं नाही, एवढं सांगून त्यांनी आम्हाला दोन दिवस सोबत फिरू दिलं. आपण त्यांना एजंटच म्हणू. ‘दलाल’ या शब्दाचा त्यांना राग नाही, पण बायकोला आहे.

फळीवरच्या चाव्या दिसतात, पण खरा माल त्यांच्यामागे आहे. कुठला फ्लॅट पुढच्या महिन्यात रिकामा होणार, कुठला मालक दोन हजारांनी खाली येईल, कुणाला हप्ता भरायची घाई आहे. हे सगळं डोक्यात. या धंद्याचा पहिला नियम असा की पार्टीला बिल्डिंगचं नाव गाडीत बसल्याशिवाय सांगायचं नाही. आधी सांगितलं तर पार्टी संध्याकाळी एकटी जाते, वॉचमनला शंभर रुपये देते आणि थेट मालकाला गाठते. म्हणजे पेट्रोल आपलं, ब्रोकरेज गेलं.

एवढं राखून ठेवणाऱ्या माणसानं ब्लॉग लिहायला घ्यावा, ही गोष्ट म्हणूनच आम्हाला बघायची होती.

(दृश्य: दुचाकीवरून मागे पडणारे टॉवर. क्रेन. टँकर.)

माहितीवरची पकड सैल व्हायला बरीच वर्षं लागली. घरं शोधायची पोर्टलं आली: नाइंटीनाइन एकर्स 2005 साली, मॅजिकब्रिक्स त्याच्या पुढच्या वर्षी. भाव घरबसल्या दिसू लागले. 1 मे 2017 ला बिल्डरांना वेसण घालणारा रेरा कायदा पूर्णपणे लागू झाला आणि त्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, म्हणजे महारेराच्या, संकेतस्थळावर बिल्डरचे कागद उघडे पडले: ताबा कधी द्यायचाय, किती फ्लॅट बुक झालेत, जमिनीवर बोजा आहे का, कोर्टात काय चाललंय. जे कळावं म्हणून लोक एजंटसमोर चहा घेत बसायचे, ते आता फोनवर फुकट.

मग एजंटकडे उरलं काय?

ते उत्तर आमच्या एजंटला लगेच सापडलं नाही. आधी त्यांनी सगळे करतात तेच केलं. वेबसाइट करून घेतली. करून देणाऱ्यानं ‘गूगलच्या पहिल्या पानाची गॅरंटी’ दिली आणि वर्षाचे पैसे आगाऊ घेतले. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीही देऊ शकत नाही, हे गूगलनं स्वतःच्या मदतपानांवर स्पष्ट लिहून ठेवलंय. पण ते वाचतो कोण? सोनं दुप्पट करून देणाऱ्याकडेही लोक जातातच की.

(दृश्य: जुन्या वेबसाइटचं छापून ठेवलेलं पान. बोट ओळीवरून फिरतं.)

त्या वेबसाइटचं एक पान त्यांनी छापून ठेवलंय, आठवण म्हणून. वाचून दाखवतात: “वाकडमध्ये टू बीएचके फ्लॅट शोधताय? वाकडमधील बेस्ट टू बीएचके फ्लॅटसाठी वाकडमधील नंबर वन एजंट.” एका परिच्छेदात ‘वाकड’ अकरा वेळा. दुसरं पान ताथवड्याचं. मजकूर तोच, फक्त ‘वाकड’च्या जागी ‘ताथवडे’. मग पुनावळे, रावेत, बालेवाडी, बाणेर. बाणेरच्या पानात एके ठिकाणी ‘वाकड’ बदलायचं राहून गेलं होतं.

अशा पानांना गूगलच्या नियमावलीत जागा आहे, पण स्पॅमच्या यादीत. शब्दांची खोगीरभरती आणि फक्त शोधात सापडावं म्हणून गावोगावच्या नावानं काढलेली एकसारखी पानं, दोन्ही तिथं नमूद आहेत. पानाच्या पोटात लपवून लिहायचा जो कीवर्ड्सचा, म्हणजे शोधशब्दांचा, टॅग असतो, तो निकालांचा क्रम लावताना बघत नाही असं गूगलनं 2009 सालीच जाहीर केलं होतं. आमच्या एजंटकडून त्या टॅगचे पैसे त्यानंतर कितीतरी वर्षांनी वेगळे घेतले गेले. आणि मार्च 2024 मध्ये गूगलनं नियम आणखी आवळले. घाऊक भावानं पाडलेला मजकूर, मग तो माणसानं पाडलेला असो की यंत्रानं, थेट निशाण्यावर आला. एजंटची ती सगळी पानं शोधातून दिसेनाशी झाली. त्यांना ते तीन महिन्यांनी कळलं. “आधी तरी कुठं कोण येत होतं,” ते म्हणतात.

(दृश्य: रात्र. फोनच्या उजेडात चेहरा.)

गाडी रुळावर आली ती एका व्हॉट्सॲपमुळे. नागपूरहून बदली होऊन येणाऱ्या एका बाईंनी रात्री साडेदहाला विचारलं, “दादा, सोसायटीत पाणी किती वाजता येतं?” फोटो बघितले होते, भाडं पटलं होतं. पण पाण्याचं कुठल्याच पोर्टलवर नव्हतं.

एजंटनं अंथरुणात पडल्या पडल्या उत्तर टाइप केलं. पिंपरी-चिंचवड महापालिका नोव्हेंबर 2019 पासून एक दिवसाआड पाणी देते. या सोसायटीची टाकी मोठी आहे म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ सोडतात. उन्हाळ्यात टँकर लागतो आणि त्याचा खर्च मेंटेनन्समध्ये धरलेला नाही, वेगळा येतो. बी विंगला वरच्या मजल्यांवर प्रेशर कमी. पश्चिमेची बेडरूम एप्रिलमध्ये दुपारी चारनंतर तापते. समोरच्या मंगल कार्यालयाचा आवाज लग्नसराईत रात्री दहापर्यंत येतो.

तेच उत्तर त्यांनी दुसऱ्या दिवशी उचलून वेबसाइटवर टाकलं. सोसायटीचं नाव वर, खाली मजकूर. सजावट काही नाही. त्यांच्या साइटवरचं ते पहिलं पान, जे दुसऱ्या कुणालाही लिहिता आलं नसतं.

गूगल आपल्या परीक्षकांना पानाची पारख करायला चार गोष्टी सांगतं: अनुभव, जाणकारी, अधिकार आणि भरवसा. यातला ‘अनुभव’ डिसेंबर 2022 मध्ये नव्यानं घातला. लिहिणारा तिथं स्वतः गेलाय का, वस्तू हाताळलीय का, हा प्रश्न. मंगल कार्यालयाचा बँड कुठल्या खिडकीतून ऐकू येतो, हे महारेराच्या कागदात नसतं. ते पायानं कळतं. एजंटकडे उरलेला माल हाच होता.

(दृश्य: फळीवरून एक चावी काढली जाते. खिळा रिकामा.)

इथं एक गणित त्यांनी स्वतःच बसवलं, कुणी शिकवलं नाही. फ्लॅट दहा-पंधरा दिवसांत जातो. गूगलला नवं पान सापडून, साठवून, वर यायला त्याहून जास्त वेळ लागू शकतो. म्हणजे पान वर येईस्तोवर चावी परत गेलेली. आणि ‘वाकड टू बीएचके’ असं शोधलं तर पहिल्या पानावर मोठी पोर्टलं पाय पसरून बसलेली असतात, त्यांच्याशी कुस्ती कोण करणार? म्हणून त्यांनी फ्लॅटवर लिहायचं सोडलं, बिल्डिंगवर लिहायला घेतलं. फ्लॅट गेला तरी बिल्डिंग तिथंच. एका सोसायटीचं एक पान, पानाची लिंक कायम, मजकुरात दर उन्हाळ्यात आणि दर पावसाळ्यात भर. पार्किंग शेवटचं कुणाला मिळालं, पाळलेला कुत्रा चालतो का, बॅचलरना कमिटी काय अटी घालते, लिफ्टला बॅकअप आहे का.

लिहिण्यासाठी विषय शोधावे लागत नाहीत. गूगलचं सर्च कन्सोल नावाचं एक फुकट साधन आहे, त्यात सोळा महिन्यांपर्यंतचा हिशेब दिसतो: लोकांनी काय टाइप केलं, आपलं पान कितव्या जागी दिसलं, किती जणांनी उघडलं. एजंट दर सोमवारी ते बघतात, दुकानदार उधारीची वही बघतो तसं. दिसलं पण कुणी उघडलं नाही, म्हणजे मथळा चुकला. भलताच प्रश्न विचारून लोक आले, म्हणजे पुढचा लेख तयार.

हिंजवडीची एक गंमत तिथंच कळली. इंग्रजीत कुणी ‘हिंजेवाडी’ लिहितं, कुणी ‘हिंजवडी’. दोघांसाठी दोन पानं काढा, असा सल्ला त्यांना मिळाला होता. गरज नव्हती. दोन्ही शब्दांवर तेच पान दिसत होतं.

(दृश्य: कॅल्क्युलेटर. भाडेकराराचा मसुदा.)

सगळ्यात अवघड लेख भाडेकराराचा होता. अवघड लिहायला नाही, द्यायला.

महाराष्ट्रात करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999, कलम 55. मुद्रांक शुल्क किती? एकूण भाडं, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के धरलेलं व्याज, या बेरजेच्या पाव टक्का. भाडं 25 हजार, मुदत अकरा महिने, डिपॉझिट एक लाख. भाडं झालं 2 लाख 75 हजार. डिपॉझिटवरचं अकरा महिन्यांचं व्याज सुमारे 9 हजार 167. बेरजेचा पाव टक्का, म्हणजे सुमारे 710 रुपये. शहरी भागात नोंदणी फी 1 हजार. वर किरकोळ हाताळणी शुल्क आणि घरी येऊन अंगठा-फोटो घेणाऱ्याची मजुरी.

आता हे छापलं की अडचण कुणाची? “ॲग्रीमेंटचे पाच हजार होतील,” असं सहज सांगणाऱ्या प्रत्येकाची. त्यात आमचे एजंटही आले. ते लेख आठ दिवस तसाच ठेवून बसले होते. शेवटी टाकला, आणि खाली आपली मजुरी वेगळी लिहिली. शेजारच्या एजंटनं दोन दिवस चहा सोडला.

आमच्या मते या सगळ्या प्रकरणातली खरी जागा ही आहे. मथळा कसा लिहावा, फोनवरचा चार एमबीचा फोटो लहान करून कसा चढवावा, हे कुणीही एका दुपारी शिकतो. धंद्याचं पोट ज्यावर चालतं ती गोष्ट आधीच सांगून टाकायची आणि तरी ग्राहक आपल्याकडेच येईल असं धरून चालायचं, त्याला छाती लागते.

हा लेख त्यांनी मराठीत लिहिला. का, असं विचारलं तर म्हणाले, “भाडेकरू इंग्रजीत शोधतो. घरमालक मराठीत. आणि चावी असते मालकाकडे.”

(दृश्य: ऑफिसची पाटी. मग फोनवर नकाशा.)

नकाशाची भानगड छोटीशी, पण सांगायला हवी. गूगल मॅपवर धंद्याचं नाव पाटीवर आहे तसंच लिहायचं, असा नियम. आजूबाजूला मात्र नावापुढे ‘बेस्ट एजंट वाकड हिंजवडी बाणेर’ अशी शेपटं लावलेली दुकानं दिसतात. स्थानिक शोधात गूगल तीन गोष्टी बघतं: विचारलेल्याशी मेळ, अंतर, आणि नावलौकिक. अंतर आपल्या हातात नसतं. लौकिकासाठी एजंट चावी देतानाच सांगतात, “मॅडम, महिनाभर राहून बघा, मग जे वाटेल ते लिहा.” लगेच पाच तारे मागत नाहीत.

नव्या प्रकल्पाचे फ्लॅट विकायचे तर वेगळीच शिस्त. महारेराकडे एजंट म्हणून नोंदणी हवी, 2024 पासून प्रशिक्षण घेऊन परीक्षा पास असल्याचं प्रमाणपत्र हवं. प्रकल्पाच्या जाहिरातीत 1 ऑगस्ट 2023 पासून क्यूआर कोडही सक्तीचा, नाहीतर 50 हजारांपर्यंत दंड. वेबसाइटवरची जाहिरात त्यातून सुटत नाही. ब्लॉग आहे म्हणून चालून जाईल, असं समजणाऱ्यांनी जपावं.

आणि आता गूगल शोधाच्या निकालांच्या वर स्वतःच, एआयकडून, उत्तर लिहून देतं. भारतात ही सोय ऑगस्ट 2024 पासून दिसू लागली. भाडेकराराचा पाव टक्का लोकांना तिथंच वाचायला मिळतो, पानावर यायची गरज उरत नाही. त्या लेखाची वर्दळ घटली, हे एजंट कबूल करतात. सोसायटीच्या पानांचं अजून तसं झालेलं नाही.

(दृश्य: संध्याकाळ. फोन वाजतो. स्पीकरवर आवाज.)

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही सामान आवरत होतो, तेवढ्यात फोन आला. पुठ्ठ्यावरचे ते रागीट काका.

“अरे, आमच्या सोसायटीत टँकर येतो हे कशाला लिहून ठेवलंस? पार्टी भाडं पाडून मागतेय!”

“काका, येतो ना टँकर?”

“येतो. पण लिहायचं कशाला?”

“लिहिलं नसतं तर जूनमध्ये तो भाडेकरू तुमच्या दारात उभा राहिला असता. माझ्याही.”

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग, “चावी परत दे माझी.”

एजंटनं ‘बरं काका’ म्हणून फोन ठेवला. फळीवरून चावी काढली, पुठ्ठा सोडवला, चावी पाकिटात घातली. मग लॅपटॉप उघडून त्याच सोसायटीचं पान काढलं. आम्हाला वाटलं, ओळ खोडतायत.

त्यांनी वॉचमनला फोन लावला. “मामा, यंदा टँकर कितव्या तारखेला सुरू झाला?”

तारीख लिहिली, सेव्ह केलं, आणि चावी पोहोचवायला गाडी काढली.