पहाटेचं गरम पाणी आणि रात्रीची वीज

नमस्कार श्रोतेहो.

थंडी पडायला लागली की बेळगावच्या शहापूर-वडगावापासून खानापूर, निपाणीपर्यंत आम्हा वायरमन लोकांना सकाळी सकाळी एकच फोन येतो. टायमर लावून गिझर रात्री चालू ठेवला होता, पण पाणी कोमटसुद्धा झालं नाही. त्याला जोडून पुढचं वाक्य ठरलेलं, "कॉइल गेली असणार, येताना नवीनच घेऊन या." माझं आज तुमच्याजवळ कळकळीचं सांगणं आहे. कॉइल बदलायच्या आधी घड्याळ बघा आणि व्होल्टेज बघा. पुष्कळ घरांत कॉइल धडधाकट असते, दोष दुसरीकडे असतो आणि कष्टाचे पैसे विनाकारण जातात.

रात्री पाणी तापवण्यामागे लोकांची दोन कारणं असतात. एक, रात्रीची वीज स्वस्त असते असं कुणीतरी सांगितलेलं असतं. ब्रिटनमध्ये ते खरं आहे. तिथं १९७८ पासून 'इकॉनॉमी सेव्हन' नावाचा दर आहे, रात्रीचे सात तास वीज स्वस्त मिळते. म्हणून तिथल्या मोठ्या टाक्यांत खाली एक कॉइल रात्रीसाठी आणि वर दुसरी दिवसा गरज पडली तर, अशी सोय असते. आपलं बिल मात्र एकदा उघडून वाचा. त्यावर वेळेनुसार वेगळा दर छापलेला नसेल, तर रात्री जळलेलं युनिट आणि दुपारी जळलेलं युनिट एकाच भावाचं. केंद्राच्या २०२३ च्या नियमांत तर कमी दराचे धरलेत ते उन्हाचे तास, रात्रीचे नव्हेत. गृहज्योती या कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या योजनेतल्या घरांनी एवढं ध्यानात ठेवावं, की महिन्याचा आकडा २०० युनिटच्या वर गेला की सगळंच बिल भरावं लागतं. तिथं वेळ कोणती हे कुणी बघत नाही, युनिट किती तेच बघतात.

दुसरं कारण मात्र खरं आहे, ते म्हणजे व्होल्टेज. संध्याकाळी घराघरांत दिवे, टीव्ही, मिक्सर सुरू असतात. मळ्यातली घरं पंपांच्या लाइनवर असतील तर मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज उतरतं. उतरलेल्या व्होल्टेजचा हिशेब पुष्कळांना माहीत नसतो. व्होल्टेज जेवढं कमी होतं त्याच्याहून कितीतरी जास्त कॉइलची ताकद कमी होते. २३० व्होल्टवर २००० वॅट देणारा गिझर १८० व्होल्टवर १२२५ वॅटच्या आसपास देतो. २५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला साधारण सव्वा युनिटपेक्षा थोडी कमी वीज लागते. पूर्ण व्होल्टेज असेल तर ३५ मिनिटांत काम होतं, १८० वर ते ५७ मिनिटांवर जातं. आणि टायमर तुम्ही ४५ मिनिटांचाच लावलेला असतो. कॉइलनं आपलं काम चोख केलं, तिला वेळच पुरली नाही. अशा घरी टायमरचा वेळ वाढवा, नाहीतर तो पहाटेच्या चांगल्या व्होल्टेजच्या वेळेवर सरकवा.

आता घड्याळ. चाकाचा, आतल्या मोटरवर फिरणारा टायमर बॅटरीविना असेल, तर वीज गेली की तो जागच्या जागी थांबतो. रात्री दोन तास लाइट गेली तर तो दोन तास मागं पडला, आणि कुणी हातानं फिरवेपर्यंत मागंच राहिला. पहाटे चारला लावलेला गिझर सहाला चालू होतो, आणि साडेपाचला दूध घालायला निघणाऱ्या माणसाच्या वाट्याला थंड पाणी येतं. म्हणून लाइट जाऊन आली की टायमरचं घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाशी जुळवून बघायची सवय घरातल्या सगळ्यांनाच लावा.

कॉइल चालते की नाही हे मीटरवर कळतं, त्याला कुठलं यंत्र लागत नाही. घरातलं बाकी सगळं बंद करा, टाकीतलं पाणी थंड असताना एकटा गिझर चालू ठेवा आणि मीटरवरचा लाल दिवा मिनिटाला किती वेळा लुकलुकतो ते मोजा. एका युनिटला किती लुकलुका ते मीटरवरच छापलेलं असतं. तो आकडा ३२०० असेल, तर २००० वॅटच्या गिझरला मिनिटाला शंभराच्या थोड्या वर यायला हव्यात. साठ-पासष्टच आल्या तर कॉइल ठीक आहे, व्होल्टेज कमी आहे. दिवा जवळजवळ थांबलाच तर मात्र कॉइलमधून वीज वाहतच नाही. मग कॉइल तुटलेली असेल, पाणी ठरावीक तापलं की वीज बंद करणारा थर्मोस्टॅट बिघडला असेल किंवा जास्त तापल्यावर तोडणारा कटआउट उडाला असेल. कटआउटचं बटण असतं, ते आत ढकललं की पुन्हा चालू होतं. हे काम मेन एमसीबी बंद करून जाणत्यानंच करावं. आणि तो पुन्हा पुन्हा उडत असेल तर नुसतं बटण दाबत बसू नका, थर्मोस्टॅट बदला. वायरमननं मल्टिमीटर लावला तर २००० वॅटच्या कॉइलला २६ ओहमच्या आसपास आकडा दिसायला हवा. तो आकडा त्याला तुमच्यासमोर दाखवायला सांगा, त्यात संकोच कसला?

बोअरचं पाणी वापरणाऱ्यांनी एक गोष्ट वेगळी समजून घ्यावी. राकसकोप किंवा हिडकल धरणाचं नळाला येणारं पाणी आणि खोल बोअरचं पाणी यांत फरक असतो. बोअरच्या जड पाण्यात कॉइलवर पांढरा थर चढतो. त्या थरानं वीज वाया जाते असं लोक म्हणतात, पण उष्णता जाते ती शेवटी पाण्यातच. खरं नुकसान कॉइलचं होतं. थराखाली ती स्वतःच फार तापते, तडतड आवाज करते आणि एके दिवशी तिचं आवरण फुटतं. सुटी कॉइल पूर्ण थंड झाल्यावर लिंबूसत्वाच्या पाण्यात बुडवली की थर निघतो. सुरीनं खरवडू नका.

आवरण फुटलं की धोका जिवाचा. कॉइलच्या आतली पूड पाणी शोषते आणि करंट पाण्यात उतरतो. गिझर लावल्यावर थोड्या वेळानं आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, उडत असेल, तर तो उडणं हेच त्याचं काम आहे. त्याला बाजूला काढून थेट जोडणी करून घेऊ नका, हात जोडून सांगतो. न्हाणीच्या नळाला झिणझिण्या आल्या तर त्याच क्षणी मेन बंद करा आणि अर्थिंग तपासून घ्या. पावसाळाभर अडगळीत पडलेली कॉइल पहिल्यांदा वापरताना हाच धोका असतो, आधी तपासून घ्या.

आणि बादलीत सोडायची कॉइल टायमरवर कधीही लावू नका. तिला थर्मोस्टॅट नसतो. पाणी खुणेच्या खाली गेलं की ती उघडी पडून जळते, प्लास्टिकची बादलीही वितळते. ती माणसासमोरच तापवावी, आणि पिन काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नये. १५०० वॅटच्या कॉइलला साडेसहा अँपियर लागतात, त्यामुळे दिव्याच्या साध्या प्लगवर ती लावायची नसते, पॉवर प्लगच हवा. टायमरही १६ अँपियरचाच घ्या. हलक्या टायमरचे संपर्क चिकटून बसतात, आणि वेळ संपली तरी गिझर बंद होत नाही.

व्होल्टेज रोज ठराविक वेळी उतरत असेल, तर वेळ आणि मीटरवरच्या लुकलुका आठवडाभर कागदावर मांडून ठेवा आणि वीज कंपनीच्या १९१२ या फोन क्रमांकावर तक्रार नोंदवा. तक्रारीचा क्रमांक विचारून घ्या आणि त्याच कागदावर तारखेसकट लिहून ठेवा. नमस्कार.