माळ्यावरच्या वस्तूंना पुढचा हात

नमस्कार श्रोतेहो.

दिवाळीची आवराआवर सुरू झाली की सिडकोत, पंचवटीत, नाशिकरोडला, कुठेही जा, सोसायटीच्या फाटकाबाहेर सामानाची रास दिसते. कापूस बाहेर आलेली गादी, पाय मोडलेली खुर्ची, जुना मिक्सर, दोरीने बांधलेलं कपड्यांचं गाठोडं. माळा रिकामा झाला म्हणून घरातल्यांना हायसं वाटतं. पण त्या गाठोड्याचं पुढे काय होतं, ते कुणी विचारत नाही. आज त्याबद्दलच बोलायचं आहे. वस्तू उंबऱ्याबाहेर जाण्याआधी ती कुणाच्या हातात पडणार हे ठरवावं, आणि त्या हाताला ती लगेच वापरता यावी अशी करून द्यावी, एवढीच माझी विनंती आहे.

सुरुवात कपड्यांपासून करते, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. आपल्या आयांच्या काळात दुपारी भांडेवाली यायची. जुन्या साड्या, शर्ट तिच्यापुढे टाकले की ती एकेक कपडा झटकून उजेडात धरायची, शिवण ओढून पाहायची, विरलेला असेल तर बाजूला टाकायची. मग स्टीलच्या पातेल्यावरून अर्धा तास घासाघीस. तिला माल पुढे विकायचा असायचा, म्हणून तिची नजर कडक. आज आपण कपडे दान करतो तेव्हा तशी नजर कुणाचीच नसते. फुकट द्यायचं आहे ना, मग काहीही चालेल, असं आपण मनातल्या मनात धरून चालतो.

पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर अशी एक गोणी माझ्यासमोर उघडली गेली. वरचे चार कपडे चांगले निघाले. त्याखाली हुक तुटलेले ब्लाऊज, चेन गेलेल्या पँटी, लग्नातला जड घागरा, न धुतलेलं अंथरूण आणि एकाच पायाचा बूट. निवडणाऱ्या बाई काही बोलल्या नाहीत, नुसते दोन ढीग करत राहिल्या. बिनकामाचा ढीग मोठा झाला. श्रोतेहो, पाड्यावर घंटागाडी येत नाही. ते नायलॉन, पॉलिएस्टर शेवटी चुलीत जातं नाहीतर ओहोळाच्या काठाला, आणि चुलीत गेलं तर त्याचा धूर स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या छातीत जातो. आपला कचरा तीस-चाळीस मैलांवर नेऊन टाकण्याला मी तरी दान म्हणणार नाही.

म्हणून कपडे घरीच निवडा. अंगावर घालता येतील ते धुवा, बटणं लावा, उसवलेलं शिवा, लहान मुलांचे, बायकांचे, पुरुषांचे वेगळे बांधा आणि वर चिठ्ठी लावा. फाटलेलं सुती कापड वेगळं ठेवा. सातपूर, अंबडच्या कारखान्यांत आणि शहरातल्या गॅरेजमध्ये यंत्रं आणि तेलकट हात पुसायला सुती चिंध्या रोज लागतात, त्यामुळे त्या घेणारे व्यापारी असतात. मऊ सुती साड्या तर कधीच टाकू नयेत. गोधडीला त्या लागतातच, शिवाय 'गूंज' ही 1999 साली अंशू गुप्ता यांनी सुरू केलेली संस्था जुन्या सुती कापडापासून पाळीसाठी स्वच्छ पॅड तयार करते. लोकरीच्या कपड्यांचा मार्ग आणखी वेगळा. फाटके स्वेटर हरियाणातल्या पानिपतला जातात, तिथे ते पिंजून पुन्हा सूत काढतात आणि त्याचे कांबळे विणतात. मदतवाटपात मिळणारी स्वस्त ब्लँकेटं बरीचशी तिथलीच असतात.

भांड्यांबद्दल नाशिककरांना मी काय सांगावं! तांब्या-पितळेचं हे गाव. पितळी घंगाळ, पिंप कुणी कचऱ्यात टाकत नाही, मोडीत घालतं, आणि ते वितळून पुन्हा नवं भांडं होतं. ॲल्युमिनियमची पोचे पडलेली पातेलीही तशीच द्या. बॉक्साइटपासून नवा ॲल्युमिनियम काढायला जेवढी वीज लागते, तिच्या साधारण 5 टक्क्यांत जुना वितळून पुन्हा वापरता येतो.

रद्दी, पुठ्ठा, लोखंड, बाटल्या रद्दीवाल्या-भंगारवाल्याकडेच जाऊ द्यात. या लोकांनी शहराचा केवढा कचरा वाचवला आहे याची आपल्याला जाणीव नाही, आणि त्यांच्याशी पाच रुपयांसाठी हुज्जत घालणं मला बरं वाटत नाही. पण टीव्ही, फ्रिज, मोबाइल, लॅपटॉप मात्र त्यांच्याकडे देऊ नका. यात त्यांचाही जीव सांभाळला जातो. वायरीतलं तांबं काढायला वरचं प्लॅस्टिक उघड्यावर जाळतात. सर्किटच्या पट्टीतलं कणभर सोनं मिळवायला ती ॲसिडमध्ये बुडवतात, अनेकदा हातमोजे नसतात, आणि उरलेलं ॲसिड गटारीत. जुन्या, मागे पोट असलेल्या टीव्हीच्या काचेत शिसं असतं. फ्रिजची नळी कापली की आतला वायू हवेत जातो, आणि अलीकडच्या बऱ्याच फ्रिजमधला वायू तर पेट घेणारा असतो.

यासाठी कायदा आहे. ई-कचऱ्याचे 2022 चे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू झाले आणि त्यांत 106 प्रकारची उपकरणं येतात. वापरून झालेल्या उपकरणांची विल्हेवाट नीट लागेल हे पाहण्याची जबाबदारी त्यांत उत्पादक कंपनीवर टाकली आहे. तेव्हा कंपनीच्या ग्राहक सेवा क्रमांकावर फोन करून 'जुनं उपकरण परत कुठे द्यायचं' हे विचारा, किंवा नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रिया केंद्राकडेच द्या. मोबाइल चालू असेल आणि कुणाला वापरायला द्यायचा असेल तर आधी फोनमधल्या गूगल किंवा ॲपलच्या खात्यातून बाहेर पडा, मग सगळी माहिती पुसा, सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या. खात्यातून बाहेर न पडता पुसलेला फोन घेणाऱ्याकडे अनेकदा उघडतच नाही. आणि फुगलेली बॅटरी कधीही घंटागाडीत टाकू नका. गाडीत कचरा दाबला गेला की ती पेट घेते.

आता जरा नाजूक विषय. देवांच्या जुन्या तसबिरी. काच तडकलेली, चित्र पिवळं पडलेलं, पण रद्दीत द्यायला मन धजत नाही. मग त्या पिंपळाच्या पारावर ठेवतात, नाहीतर रामकुंडावर गोदामाईत सोडतात. त्यामागची श्रद्धा मला समजते. पण काच भाविकांच्या पायात जाते, खिळे नदीच्या तळाशी राहतात, चौकट कुजत पडते. 2019 च्या पुराच्या दिवसांत नाशिकच्याच तृप्ती गायकवाड यांनी एकाला अशा तसबिरी गोदावरीत सोडताना पाहिलं आणि त्यातून 'संपूर्णम सेवा फाउंडेशन'चं काम उभं राहिलं. जुन्या तसबिरी आणि मूर्ती गोळा करायच्या, कागद, काच, लाकूड, धातू वेगळे करायचे आणि प्रत्येकाचा पुन्हा उपयोग करायचा. हेच आपल्याला घरीही करता येतं. देवाला हळदकुंकू वाहा, नमस्कार करा, मग मागचे खिळे काढून चित्र, काच आणि चौकट सुटी करा. चित्राचा कागद पाण्यात भिजवून त्याचा लगदा करता येतो. काच जाड कागदात गुंडाळून, वर 'काच' असं ठळक लिहून घंटागाडीवरच्या माणसाच्या हातात द्या. त्याचे हात उघडे असतात हे लक्षात असू द्या.

पुस्तकांबद्दल थोडंच. वाचनालयाला न विचारता खोकी नेऊन ठेवू नका. त्यांच्याकडेही जागेची अडचण असते. यादी करून आधी दाखवा. शाळेची पुस्तकं द्यायची तर अभ्यासक्रम बदललेला नाही ना, हे पाहून घ्या. पहिलीचा अभ्यासक्रम 2025-26 पासून बदलला, त्यामुळे त्याआधीचं पुस्तक वर्गात चालणार नाही.

बाकी खेळणी, चपला, भांडी, फर्निचर. 2023 च्या मे महिन्यात देशभरातल्या शहरांत अशा वापरण्याजोग्या वस्तूंसाठी 'आरआरआर' (रिड्यूस, रीयूज, रिसायकल) केंद्रं उघडली होती. आपल्याकडे सध्या काय सोय आहे, हे महापालिकेच्या आपापल्या विभागीय कार्यालयात विचारा. अनाथाश्रम, वृद्धाश्रम, आश्रमशाळा, कुठेही जायचं तर आधी फोन करा. गाद्या हव्यात की बादल्या, मुलं किती, कोणत्या वयाची, हे विचारून घ्या. पुष्कळदा त्यांना आपल्या माळ्यावरचं काहीच नको असतं, डाळ-तांदूळ हवे असतात. तेही ऐकून घ्यावं.

आणि स्वेटर, शाली, ब्लँकेटं द्यायची असतील तर थांबू नका. निफाडचा पारा डिसेंबर-जानेवारीत किती खाली जातो ते आपण दरवर्षी बातम्यांत ऐकतो. बातमी ऐकून गोळा करायला निघालो तर वाटप व्हायला संक्रांत उजाडते, आणि तोवर थंडीच्या कडक रात्री सरून गेलेल्या असतात. दिवाळीच्या आवराआवरीत हाती लागतील तेव्हाच धुवा, उन्हात वाळवा आणि नोव्हेंबरातच पोचवा.

नमस्कार.