चूक वरच्या ओळीत, एरर खालच्या ओळीत

स्क्रीनवर पायथनचा हा छोटासा प्रोग्राम बघा, दोनच ओळी आहेत. पहिल्या ओळीत दोन विषयांच्या मार्कांची बेरीज कंसात लिहिलीये, दुसऱ्या ओळीत ती प्रिंट केलीये. रन केलं की जुनं पायथन, म्हणजे ३.८ वगैरे, म्हणतं इनव्हॅलिड सिंटॅक्स, म्हणजे व्याकरण चुकलंय, आणि बाण दाखवतं दुसऱ्या ओळीतल्या प्रिंटकडे. नवीन शिकणारी मुलं मग त्या प्रिंटकडेच बघत बसतात, स्पेलिंग तपासतात, ओळ खोडून परत टाइप करतात, आणि प्रिंटमध्ये तर काहीच चुकलेलं नसतं.

वरच्या ओळीत कंस उघडलाय, बंद करायचा राहिलाय.

मग पायथन खाली का अडलं? ते प्रोग्राम आपल्यासारखं एका नजरेत बघत नाही, एकेक तुकडा, ज्याला टोकन म्हणतात, उचलत जातं आणि एवढंच बघतं की आत्तापर्यंत वाचलं त्याच्यापुढे हे व्याकरणात बसतंय का. आणि कंस उघडा असला की पायथन ओळ संपली असं धरतच नाही, त्यामुळे पहिल्या ओळीच्या शेवटी त्याला काही खटकत नाही, पुढे वाचत राहतं, आणि मार्कांच्या नावाला लागून लगेच प्रिंट हे दुसरं नाव आलं की तिथे अडतं. एररमधला लाइन नंबर म्हणजे ही अडलेली जागा. हे पहिल्याच तासाला सांगायला हवं असं मला मनापासून वाटतं, कारण कितीतरी मुलं इथेच आपल्याला कोडिंग जमणार नाही असं ठरवून टाकतात.

कॉलेजच्या लॅबमध्ये टर्बो सीची, म्हणजे सी भाषेत प्रोग्राम लिहायच्या जुन्या सॉफ्टवेअरची, निळी स्क्रीन बघितलेल्यांना 'कंपाउंड स्टेटमेंट मिसिंग' आठवत असेल. कर्ली ब्रॅकेट राहिलेला असायचा मधल्याच एखाद्या लूपचा आणि एरर यायची फाइलच्या शेवटी, कारण शेवटपर्यंत वाचल्याशिवाय एक ब्रॅकेट कमी आहे हे कळणार कसं?

आणि एका चुकीपायी ढीगभर एरर येतात ना, त्याचं कारण असं की सी, सी प्लस प्लसचा कंपायलर, म्हणजे आपला कोड मशीनच्या भाषेत बदलणारा प्रोग्राम, अडल्यावर थांबत नाही, काही टोकन सोडून देऊन पुढे कुठूनतरी परत वाचायला लागतो, आणि ती जागाच चुकली तर पुढचं बरोबर कोडही त्याला चुकीचं दिसतं. पहिली एरर दुरुस्त करा, परत कंपाइल करा, बाकीच्या तोपर्यंत वाचूच नका.

आता तोच दोन ओळींचा प्रोग्राम पायथन ३.१० वर, जे ऑक्टोबर २०२१ मध्ये आलं. त्याच्या आदल्या वर्षी ३.९ मध्ये अख्खा पार्सरच, म्हणजे हे व्याकरण तपासणारा भागच, बदलला होता, आणि ३.१० पासून तर अडल्यावर ते मागे वळून बघतं, कुठला कंस उघडा राहिलाय का. बघा, मेसेज आला की हा कंस बंदच केलेला नाही, आणि बाण पहिल्या ओळीत, बरोबर त्या कंसाखाली.