पडलेली नाहीत, रचलेली आहेत

(साताऱ्यात भटकंती करणाऱ्या मंडळींपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. समोर बसलेल्या बऱ्याच जणांच्या बुटांना अजून अजिंक्यताऱ्याची माती दिसते आहे, त्यामुळे प्रस्तावना लांबवत नाही. मी मूळची इथलीच, मंगळवार पेठेतली. गेली चौदा वर्षं अमेरिकेत ओरेगन राज्यात, पोर्टलंडला राहते. तिथे आम्ही चौघी मैत्रिणी आहोत. एक नागपूरची, एक पणजीची, एक इंदूरची आणि मी. महिन्यातला एक शनिवार आम्ही घराबाहेर पडतो आणि कुणीतरी रानात लपवून ठेवलेला डबा शोधतो. या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात.

डबा ऐसपैस आपण सगळेच खेळलोय. त्यात डबा मधोमध असतो आणि माणसं लपतात. इथे डबा लपतो आणि माणसं हिंडतात. ज्याने तो लपवला, तो जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. आपण फोनवर ते आकडे घालून निघायचं. डब्यात एक वही असते, शिसपेन्सिल असते. सापडला की वहीत नाव आणि तारीख लिहायची, डबा होता तिथे, होता तसा ठेवायचा आणि घरी यायचं. शिसपेन्सिल अशासाठी, की ओल्या कागदावर शाई पसरते. आमच्याकडे तर वर्षातले आठ महिने पाऊस.

हा खेळ कुठल्या दिवसामुळे जन्माला आला, ते अगदी नेमकं सांगता येतं. १ मे २०००. आपल्याकडे महाराष्ट्र दिन होता. तोवर अमेरिकी लष्कर सामान्य लोकांना मिळणाऱ्या जीपीएसच्या, म्हणजे उपग्रहांवरून जागा सांगणाऱ्या यंत्रणेच्या, संकेतांत मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत इकडेतिकडे दाखवली जायची. ही चूक काढून टाकत असल्याचं अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी त्या दिवशी जाहीर केलं आणि मध्यरात्री ती बंदही झाली. शंभर मीटरचा घोळ दहा-वीस मीटरवर आला. लगेच ३ मे रोजी डेव्ह अल्मर नावाच्या संगणक सल्लागाराने पोर्टलंडजवळच्या बीव्हरक्रीक गावाबाहेर, झाडीत, एक काळी बादली अर्धवट पुरून ठेवली. आत वही, पेन्सिल, काही पुस्तकं, व्हिडिओ, एक बेचकी आणि घेवड्याच्या दाण्यांचा एक बंद डबा. मग इंटरनेटवरच्या जीपीएसवाल्यांच्या चर्चागटात त्याने आकडे टाकले: उत्तर ४५ अंश १७.४६० मिनिटं, पश्चिम १२२ अंश २४.८०० मिनिटं. नियम एकच सांगितला, काही घ्या, काही ठेवा. तीन दिवसांत दोघांना ती बादली सापडली. त्यातला पहिला माइक टीग. ‘जिओकॅशिंग’ हे नाव मॅट स्टम यांनी त्याच महिन्याच्या अखेरीला सुचवलं. सप्टेंबरात जेरेमी आयरिश यांनी या खेळाचं संकेतस्थळ सुरू केलं, तेव्हा त्यावर जगभरातले मिळून ७५ डबे होते. आज तीस लाखांच्या वर आहेत.

त्या पहिल्या जागी आता फलक आहे. आम्ही चौघी तिथे गेलो होतो. बघायला म्हणाल तर विशेष काही नाही, रस्ता आणि झाडी. पण मी बराच वेळ तिथून हलले नाही. एका माणसाने अनोळखी लोकांसाठी एक बादली ठेवली आणि लोकांनी ती लुटली नाही, वहीत नावं लिहिली, हे मला फार मोठं वाटतं.

आता मला ज्यावर खरं बोलायचंय, तिकडे येते. आकडे आपल्याला कुठवर नेतात? अक्षांशाचं एक मिनिट, म्हणजे अंशाचा साठावा भाग, जमिनीवर साधारण १८५२ मीटर. आकडे मिनिटाच्या हजाराव्या भागापर्यंत दिलेले असतात, तो भाग पावणेदोन-दोन मीटर. म्हणजे कागदावर डबा दोन मीटरच्या चौकोनात आहे. पण उपग्रह २०,२०० किलोमीटर वर. निदान चार उपग्रहांचे संकेत फोनला एकाच वेळी लागतात, आणि आमच्याकडची डग्लस फरची झाडं दोनशे दोनशे फूट उंच. संकेत त्या ओल्या फांद्यांत अडतात, खडकावर आपटून उशिरा येतात. फोन म्हणतो डावीकडे सात मीटर. तुम्ही जाता, तर म्हणतो मागे नऊ मीटर. नवखी माणसं अर्धा तास त्या बाणामागे गरगर फिरतात. दहा मीटरच्या आत आलात की फोन खिशात ठेवायचा, हे आम्हाला शिकायला वर्ष लागलं.

तिथून पुढे सोबत लागते. एकटी गेले की मी एकाच उंचीवर बघते, माझ्या डोळ्यांच्या. नागपूरची आधी बुंध्यांच्या पोकळ्या बघते. पणजीची हात घालून चाचपते, लोखंडी कठड्याच्या आतल्या बाजूला चुंबकाने चिकटवलेल्या डब्या तिलाच सापडतात. इंदूरची एका ओंडक्यावर बसून राहते आणि विचारते, ‘मला लपवायचा असता तर मी कुठे ठेवला असता?’ चौघींची नजर वेगवेगळी, म्हणून डबा सापडतो. कधी तो जुन्या फिल्मच्या डबीएवढा असतो, कधी बोटाच्या पेराएवढा, तर कधी बंदुकीच्या गोळ्यांची लष्करी पेटी. ती सगळ्यांत चांगली, रबरी कडेमुळे आत पाण्याचा थेंब जात नाही.

सापडत नाही असंही होतं. एका लाकडी पुलावर आम्ही तीन शनिवार घालवले. डबी होती कठड्याच्या खिळ्यात, म्हणजे खिळ्याचं डोकंच फिरवून काढायचं होतं, आणि त्याच्यावर आम्ही दर वेळी हात टेकून उभ्या. काखेत कळसा. पण तिन्ही वेळा आम्ही ‘सापडला नाही’ अशी प्रामाणिक नोंद केली होती. ती करायला लाजू नका. अशा नोंदी साठल्या की मालकाला कळतं, डबा हरवला असावा, जाऊन बघायला हवं.

आपल्या सह्याद्रीत हे करायचं मनात असेल, तर मी कळवळून सांगते, गडाच्या तटबंदीतला एक चिरासुद्धा हलवू नका. पहिली बादली पुरलेली होती खरी, पण आता जमीन खणून डबा ठेवायला मनाई आहे. जागा ज्याच्या ताब्यात असेल त्याची परवानगी आधी, डबा नंतर. स्टेशन, बसस्टँड, देवळाची गर्दी, इथे बेवारस डबा म्हणजे लोकांच्या जिवाला घोर, तिथे विचारसुद्धा नको. लोणारसारख्या जागेला ‘अर्थकॅश’ (अर्थ म्हणजे इंग्रजीतली पृथ्वी) हा प्रकार शोभेल. त्यात डबाच नसतो. तिथला खडक, माती, पाणी नीट बघून प्रश्नांची उत्तरं पाठवायची, एवढंच. एक रिकामी पिशवीही बरोबर असू द्या. वाटेतला कचरा उचलत येणं हा या खेळाचा जुना रिवाज आहे.

मागच्या शरद ऋतूत माझी आई सहा महिन्यांसाठी आली होती. वय अडुसष्ट. एका शनिवारी तिलाही घेतलं. पायवाट सपाट, तासाभराची. जागेवर पोचलो, फोन खिशात गेले, चौघी कामाला लागलो. वीस मिनिटं झाली. शेवाळाने सगळं हिरवंगार, जमीन, दगड, बुंधे, काही म्हणजे काही वेगळं दिसेना. आई तोवर वाटेवर उभी होती. मग एका उन्मळून पडलेल्या झाडाकडे बोट करून म्हणाली, ‘अगं, ती लाकडं बघ. ती पडलेली नाहीत, रचलेली आहेत.’

आम्ही बघितलं. पाच-सहा वाळक्या काटक्या, सगळ्या एका लांबीच्या, सगळ्यांची तोंडं एकीकडे. झाडावरून पडलेली काटकी अशी पडत नाही. आईचं बालपण पाटण तालुक्यात सरपण गोळा करण्यात गेलंय. मोळीसाठी रचलेलं लाकूड आणि वाऱ्याने पडलेलं लाकूड यांतला फरक तिला विचार न करता कळतो. त्या काटक्यांमागे हिरवा पत्र्याचा डबा होता. पणजीची मैत्रीण ओरडलीच, ‘काकू, तुम्ही!’

डबा उघडला. पिशवीत वही, पेन्सिलीचं थोटूक, प्लॅस्टिकचा बेडूक, एक किल्लीची साखळी. वहीत आईने मराठीत, गोल अक्षरात नाव लिहिलं आणि पुढे ‘सातारा’. मी झाकण लावायला गेले तर तिने हात धरला. ‘असा कसा द्यायचा? कुणाचा डबा काही न घालता परत करतात का?’ काही घ्या, काही ठेवा हा नियम तिला कुणी सांगितला नव्हता. तिला पिशवीतला रव्याचा लाडू ठेवायचा होता. खाण्याचं काही ठेवत नाहीत, वासाने जनावरं डबा फोडतात, हे समजावल्यावर तिने पाकिटातून पाच रुपयांचं नाणं काढलं, पदराला पुसलं आणि बेडकाशेजारी ठेवलं.

आई इथे साताऱ्याला परत आल्यावर चार महिन्यांनी आम्ही पुन्हा तिथे गेलो. काटक्या तशाच रचलेल्या. नाणं नव्हतं. वहीत आईच्या नावाखाली सहा नावं, आणि त्यांतलं एक लहान मुलाच्या वेड्यावाकड्या अक्षरात: मी परदेशी नाणं घेतलं, माझी गोटी ठेवली. निळी गोटी होती, आत पांढरी रेघ. मी ती घेतली आणि इथून नेलेला लाकडी भोवरा तिच्या जागी ठेवला. गोटी परवाच आईकडे सुपूर्द केली आहे. मंगळवार पेठेत, देवघराच्या फडताळात आहे. बघायची असेल त्यांनी या घरी, आई चहा केल्याशिवाय सोडणार नाही.