जुन्या चेहऱ्याची नवी गाडी

नमस्कार श्रोतेहो.

दोन वर्षांमागं दसऱ्याच्या आधी माझा खानापूरचा भाचा घरी आला. म्हणाला, "मामा, गाडी बघायला येता काय? बुकिंग केलंय, पण तुमचा हात फिरल्याशिवाय ताब्यात घेणार नाही." बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीच्या, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्याच्या, तपासणी विभागात माझी नोकरी झाली. कास्टिंगवर, म्हणजे ओतून काढलेल्या भागावर, हात फिरवून खोट शोधायची सवय अजून सुटलेली नाही, म्हणून त्याला मी सोबत हवा होतो.

गाडी नवीकोरी, पण तोंडवळा माझ्या लहानपणातला. रस्त्यावर यायला पंधरा लाखांच्या पुढं. कंपनीचं आणि शोरूमचं नाव मी घेत नाही. ड्रायव्हरच्या बाजूचं दार लावलं आणि दार व चौकटीमधल्या फटीवर बोट फिरवलं. वर नख जेमतेम शिरत होतं, खाली करंगळीचं टोक जात होतं. मागच्या एका दिव्याच्या काचेत आतून दव धरलं होतं. दाराच्या कोपऱ्यातलं रबर खाचेतून बाहेर आलेलं. मी दाखवलं, तर तिथला पोरगा अगदी नम्रपणे म्हणाला, "काका, जुन्या स्टाइलची गाडी आहे ही. थोडं असं असतंच."

त्या "असं असतंच" बद्दल मला आज बोलायचं आहे.

जुन्या गाडीत तसं असायचं, हे खरं आहे. आमच्या शहापुरात एका डॉक्टरांची पद्मिनी, म्हणजे फियाटच, होती. स्टिअरिंगला गिअर, थंडीत चोक ओढून सुरू करायची. पावसाळ्यात पायाशी पाणी यायचं, डॉक्टर खाली पोतं अंथरायचे. पण तेव्हा दुसरं घ्यायचं काय? एकीकडे अ‍ॅम्बॅसॅडर, एकीकडे फियाट, आणि त्यासाठीही नंबर लावून वर्षं काढायची. अ‍ॅम्बॅसॅडरचं उत्पादन 2014 मध्ये थांबलं, तोवर तिचा मूळ सांगाडा 1950 च्या दशकातल्या मॉरिस ऑक्सफर्डचाच राहिला. गाडी मोडली तर गल्लीच्या तोंडाशी मिस्त्री ती उघडायचा, पाना आणि हातोडी एवढ्यावर संध्याकाळपर्यंत चालू करून द्यायचा. त्या गाडीची खोट आपण सोसली, कारण ती दुरुस्त करणं आपल्या हातात होतं.

आता जुना चेहरा लावून येणाऱ्या गाडीचं तसं नाही. तिच्या बॉनेटखाली आजचं इंजिन आहे, सेन्सर आहेत, कंट्रोल युनिट आहे. मिस्त्री हात लावायला भितो, आणि त्यात त्याची चूक नाही.

जुना चेहरा लावून नवी गाडी विकायची ही चाल जगभर आहे. जर्मन भाषेत फोक्सवॅगन म्हणजे लोकांची गाडी. त्या कंपनीची जुनी बीटल खरोखर लोकांची होती: मागे हवेवर थंड होणारं इंजिन, साधा पत्रा, आणि मेक्सिकोत 2003 मध्ये शेवटची गाडी निघेपर्यंत दोन कोटींच्या वर बीटल तयार झाल्या. 1998 च्या सुमारास न्यू बीटल आली तेव्हा चेहरा तोच ठेवला, पण आत त्याच कंपनीच्या गोल्फ गाडीचा सांगाडा आणि इंजिन पुढे. डॅशबोर्डवर फूल ठेवायला छोटी फुलदाणीसुद्धा होती. आपल्याकडे ती 2009 च्या अखेरीस आली, वीस लाखांच्या घरात. ब्रिटनच्या मिनी गाडीचंही तसंच. सुवेझ कालव्याच्या पेचात पेट्रोलची टंचाई झाली, त्यातून 1959 मध्ये ती तीन मीटरची काटकसरीची गाडी जन्मली. बीएमडब्ल्यूनं 2001 मध्ये त्याच नावाची नवी गाडी आणली ती साडेतीन मीटरच्या पुढची, आणि शौकिनांसाठी. गरिबाची गाडी परत येते तेव्हा ती गरिबाकडे येत नाही, हे मला या सगळ्यात फार लागतं.

आपल्याकडे बघा. महिंद्राची 2010 ची थार साधारण सहा लाखांत मिळायची, एअरबॅग नव्हत्या. 2 ऑक्टोबर 2020 ला नवी थार 9 लाख 80 हजारांपासून सुरू झाली, आणि ग्लोबल एनकॅपच्या टक्कर चाचणीत तिला पाचपैकी चार तारे मिळाले. 2024 मध्ये पाच दारांची थार रॉक्स 12 लाख 99 हजारांपासून. 1991 ची टाटा सिएरा आठवते का? तीन दारं आणि छताकडे वळलेली मागची मोठी काच. त्याच काचेची आठवण ठेवणारी नवी सिएरा नोव्हेंबर 2025 मध्ये 11 लाख 49 हजारांपासून आली.

यातली सगळी वाढ आठवणीची किंमत आहे असं मी म्हणणार नाही. ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारं एबीएस सक्तीचं झालं, पुढच्या दोन्ही एअरबॅग सक्तीच्या झाल्या, एप्रिल 2020 पासून धुराच्या प्रदूषणाचं बीएस सहा हे मानक आलं. त्याचा खर्च खरा आहे, आणि तो देताना मला वाईट वाटत नाही. रात्री चोर्ल्याच्या घाटात समोरून ट्रक येतो तेव्हा त्या एअरबॅगचं मोल कळतं.

वर आपल्या भागाचा करही आहे. दहा ते वीस लाखांच्या गाडीला कर्नाटकात सतरा टक्के आजीवन कर, त्यावर उपकर. पलीकडे महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला बारा टक्के, डिझेलला चौदा. म्हणून गाडी तिकडे नोंदवायला निपाणीचा माणूस कोल्हापूरच्या पाहुण्याचा पत्ता शोधतो, आमच्याकडचा चंदगडचा. मोह मला समजतो. पण बाहेरच्या राज्याची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथं राहिली तर नवी नोंदणी करावी लागते, आणि मग नाका दिसला की छातीत धस्स होतं. ऊसबिलाचे पैसे घालून घेतलेल्या गाडीत चोरासारखं बसायचं, हे मला पटत नाही. कर इथला भरा, आणि भरलाय म्हणून मान वर करून चांगली गाडी मागा.

चांगली म्हणजे किती चांगली? बेळगावकरांना हे बाहेरून कुणी शिकवायला नको. उद्यमबाग, मच्छे, तिकडे कोल्हापूर, या पट्ट्यातून देशभरच्या वाहन कंपन्यांना कास्टिंग जातं. आमच्याकडे मशीन शॉपमध्ये बोअर, म्हणजे कोरलेली गोल भोकं, मायक्रॉनमध्ये मोजायचे, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. रिजेक्शनचा हिशेब दहा लाखांत किती नग खराब, असा चालायचा. एकदा फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाच्या, तोंडावर मशीनिंगनंतर ब्लो होल निघालं, टाचणीच्या टोकाएवढं. भट्टीतला रस ओतताना अडकलेल्या वायूचा बुडबुडा, दुसरं काही नाही. गाडी त्यानं अडली नसती. तरी अख्खा लॉट परत आला. चार माणसं रात्रभर बसून एकेक नग टॉर्चच्या उजेडात बघत होती, त्यातला मी एक. त्या रात्री आम्हाला कुणी "असं असतंच" म्हटलं नाही, आणि म्हणायलाही नको होतं.

मग त्याच नगांची गाडी होऊन आपल्या दारात येते तेव्हा दाराची फट करंगळीएवढी का चालावी?

म्हणून सांगतो, गाडी बघायला सकाळच्या उजेडात जा. पासिंगच्या आधी जा, नंतर ती तुमच्या नावावर चढलेली असते आणि बोलायला जागा राहत नाही. दार जोरात आपटू नका, अर्ध्यावरून सोडा आणि आवाज ऐका. चारही दारांचा एकच आवाज यायला हवा. पत्र्याकडे समोरून बघण्यापेक्षा तिरकं बघा, रंगातली लाट तशीच दिसते. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 2325 असेल तर 2025 सालातला तेविसावा आठवडा. गाडी यार्डात किती दिवस उभी होती याचा अंदाज त्यावरून येतो. आणि मागची चटई उचलून बघा. जांबोटी, कणकुंबीचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना मी गंजाबद्दल काय सांगू? तिथं पाणी आत शिरलं की तळ गंजायला किती वेळ लागतो!

खोट निघाली तर लेखी द्या, फोटो काढा, तारीख घाला. ग्राहक संरक्षणाच्या 2019 च्या कायद्यानं एक मोठी सोय केली आहे. गाडी कोल्हापुरात घ्या किंवा पणजीत, तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. सीमेवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी हे फार मोलाचं आहे.

भाच्यानं ती गाडी त्या दिवशी घेतली नाही. मुहूर्त हुकला म्हणून माझी बहीण दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. सतरा दिवसांनी दुसरी गाडी आली, तोच रंग. फटी चारही बाजूंनी सारख्या होत्या, दार लागताना आवाजही भरीव आला.

यंदा आषाढात आम्ही तिच्यातून कणकुंबीला गेलो. जांबोटी सोडल्यापासून पुढचा रस्ता दिसत नव्हता असा पाऊस. माउलीच्या देवळाजवळ गाडी थांबवली. भाचा उतरला तो थेट मागं गेला, डिकी उघडून चटई उचलली आणि हात आत घातला.

"मामा," तो म्हणाला, "कोरडं हाय."