ई तारेखालची जागा

(सुरुवात: स्टीलची पट्टी, तार आणि फ्रेट, अगदी जवळून. मागे पावसाचा आवाज.)

ही बास गिटारची सगळ्यात जाड तार, ई. हा बारावा फ्रेट, बासच्या लांब मानेवरच्या धातूच्या आडव्या कांड्यांपैकी बारावी. फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या बुडापर्यंत किती जागा आहे, पट्टीवर बघा. चार मिलिमीटरच्याही वर. वादक या जागेला ॲक्शन म्हणतात. इथे अडीच मिलिमीटर पुरतात.

गिरगावातली चाळ, जुलै महिना. गॅलरीत उघड्या छत्र्या निथळताहेत. आतल्या खोलीत कॉटला लागून काकांचं टेबल आहे: टेबललॅम्प, जुनी सतरंजी, बिस्किटांच्या डब्यात षटकोनी चाव्या, म्हणजे अ‍ॅलन की. याच सतरंजीवर मुंबईच्या वादकांची वाद्यं दुरुस्तीला येऊन निजतात.

मुलगी कांदिवलीहून आली आहे. लोकलच्या गर्दीत चार किलोची बास पाठीवरून पोटाशी घेऊन.

"काका, पाचव्या फ्रेटच्या पुढे तार दाबायला अख्खा पंजा लागतो."

एका दुकानात तिला सांगितलं होतं, आता नवीनच घ्या. मधल्या काळात दोन कार्यक्रम तिच्या हातचे गेले.

काका बास मांडीवर घेतात. "बाळा, आधी सुरात लाव."

सैल तारांवर घेतलेलं माप खोटं असतं. चारही तारा सुरात आल्या की मानेवर मिळून साधारण 75 किलोची ओढ पडते. एक धडधाकट माणूस रात्रंदिवस तिला लोंबकळतोय असं समजा. लाकूड वाकणारच. त्याला आतून तोलून धरते ती ट्रस रॉड, मानेच्या पोटात बसवलेली पोलादी सळई. गिब्सन कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यू यांना तिचं पेटंट 1923 साली मिळालं. लिओ फेंडर यांची प्रिसिजन बास त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, 1951 मध्ये आली. मानेच्या टोकाच्या खाचपट्टीपासून, म्हणजे नटपासून, बॉडीवरच्या तारांच्या टेकूपर्यंत, म्हणजे ब्रिजपर्यंत, 34 इंच, गिटारपेक्षा कितीतरी लांब मान, जाड तारा. त्यात आपल्याकडची हवा. पावसाळ्यात लाकूड ओलावा पितं, थंडीत सोडतं, आणि मान हलत राहते.

(काकांची बोटं. कॅमेरा हलवू नये.)

आता नीट बघा. पहिल्या फ्रेटवर कॅपो, तारा दाबून धरणारा चिमटा. शेवटच्या फ्रेटवर तार बोटाने दाबलेली. दोन्ही टोकांना धरलेली ही तार म्हणजेच आता सरळ पट्टी. आठव्या फ्रेटवर, तारेखाली, काका फिलर गेजची पाती सरकवतात. गॅरेजमध्ये स्पार्क प्लगची फट मोजतात, तीच. 0.3 मिलिमीटरची पाती तारेला जेमतेम शिवायला हवी. इथे 0.8 ची पातीही आरामात फिरते आहे.

मान पुढे झुकली आहे. बास बिघडलेली नाही.

बहुतेक जण इथेच चुकतात, आणि ते बघून मला वाईट वाटतं. ब्रिजवरचे सॅडल, म्हणजे प्रत्येक तारेखालचे छोटे टेकू, डोळ्यांसमोर असतात, स्क्रू फिरवला की तार खाली येते, म्हणून पहिला हात तिथेच जातो. मान तशीच वाकलेली राहते, तारा बॉडीकडच्या फ्रेटना घासायला लागतात, मग फ्रेट घासायला कानस निघते. माझ्या पहिल्या बासला मीही हेच केलं होतं. महिनाभर ती खरखर पिकअपची, म्हणजे तारांचा आवाज पकडणाऱ्या चुंबकांची, आहे असं समजत होते.

मान पट्टीसारखी सपाट केलेलीही चालत नाही. तार मधोमध सगळ्यात जास्त हेलकावते, तिला तेवढी पोकळी द्यावीच लागते.

मानेच्या टोकाला खुंट्या असतात त्या हेडस्टॉकवरचं झाकण निघालं. तारा थोड्या सैल केल्या. अ‍ॅलन की आत. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पाव फेरा. थांबले. पुन्हा सूर, पुन्हा कॅपो, पुन्हा पाती. अजून थोडी फट आहे. दुसरा पाव फेरा, पहिल्यापेक्षाही हळू. लाकूड किंचित कुरकुरतं, ते ऐका.

"जोर लागायला लागला की हात काढायचा. सळई तुटली तर मान गेली."

0.3.

काही जुन्या धाटणीच्या बासमध्ये सळई फिरवायचा हा नट मानेच्या दुसऱ्या टोकाला, बॉडीत दडलेला असतो. मग अख्खी मान खोलावी लागते. हिच्यात ती वेळ आली नाही.

आता पट्टी पुन्हा बाराव्या फ्रेटवर. साडेतीन. म्हणजे अजून एक मिलिमीटर खाली. इथे काका सॅडल दोन मिलिमीटर उतरवतात, एक नाही. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो. टोकाला जेवढं उतराल त्याच्या निम्मंच इथे पोचतं. दोन्ही बाजूंचे स्क्रू सारखे, सॅडल तिरकं होऊ न देता. मग उरलेल्या तारा, ए, डी, जी. फ्रेट बसवलेल्या फळीला, फ्रेटबोर्डला, आडवा बाक असतो, चारही तारांनी तो बाक धरायचा. जी तार दोन मिलिमीटरवर थांबते.

(ट्यूनरचा काटा.)

ॲक्शन उतरली की सूरही तपासायचा. उंच तार दाबताना जास्त ताणली जाते आणि स्वर चढतो. आता ती तेवढी ताणली जात नाही. बाराव्या फ्रेटवर आधी हार्मोनिक, म्हणजे तार न दाबता नुसती शिवून काढलेला स्वर, मग तीच तार दाबून. दाबलेला स्वर उतरलेला दिसतोय, म्हणून सॅडल अंगुळभर नाही, केसभर मानेकडे. पुन्हा हार्मोनिक. काटा मधोमध.

ती बास घेते. मोकळी ई. मग पाचवा, सातवा, बारावा.

(इथे निवेदन नको. वाजवणं पूर्ण ठेवा.)

काका हेडस्टॉकच्या मागे कागदी चिकटपट्टी लावतात. तिच्यावर पेन्सिलीने: जुलै. मान 0.3. ई अडीच, जी दोन.

"पाऊस संपला की परत मोज. बदललं असेल तर घेऊन ये."